विलासरावांचं कललेलं जहाज

हां, तर काल खाली बाकावर गोष्ट सांगता सांगता परातीपाशी येऊन थांबलो होतो. परातीत पाणी, पाण्यावर स्टीलची वाटी, वाटीत एका कडेला कैरीची फोड, आणि वाटी अशी कललेली की आता बुडते का मग बुडते. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायका त्या वाटीकडे बघतायत, मी पुढचं सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आमच्या सूनबाईंचा फोन. "अण्णा, पोळ्या गार होतायत." अनुजाच्या पोळ्या गार होऊ द्यायची हिंमत या ब्लॉकमध्ये कुणाची नाही. मी उठलो. खाली बाकावरची मंडळी चरफडत राहिली.

लिफ्टमध्ये मनात आलं, हे तोंडी सांगणं पुरे झालं. आपल्या मंडळाच्या अंकात लिहूनच टाकावं. कारण ज्यांनी ऐकायला हवं ते बाकावर येतच नाहीत. ते मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवडा हातात धरून एकमेकांना सांगत असतात, "त्या विलासनं एका शब्दापायी भरला संसार उधळला हो!" एका शब्दापायी! वडा खायचा, बोटं पुसायची आणि दुसऱ्याच्या संसाराचा निकाल लावून मोकळं व्हायचं. अरे, तो शब्द कुठला होता हे तरी विचारा. तो कुणाच्या मानेवर बसणार होता ते विचारा. मग बोला.

तर आधी विलासराव कोण ते सांगतो, म्हणजे नवख्या माणसालाही गोष्ट लागेल.

विलासराव म्हणजे आमच्या शेजारच्या दारातले. सिंगापुरात, पासिर रिसला मुलाकडे राहायला आलो तेव्हा मला वाटलं होतं, इथे बोलायला माणूस मिळायचं नाही. मुलगा मंदार कॉम्प्युटरपुढे, सूनबाई मीटिंगमध्ये, आणि मी खिडकीत. तिसऱ्याच दिवशी दारावर टकटक. बघतो तर एक काळासावळा, आडव्या बांध्याचा माणूस, हातात झाकलेली ताटली. "काका, शेजारी राहतो. आंबोळ्या केल्यात जयवंतीनं." ताटली घेताना मी पाहिलं, या माणसाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. मी आपला गावचा, फटकन विचारलं, "खांद्याला काय झालं हो?" तो हसून म्हणाला, "काही नाही काका. जहाज हलतं तेव्हा मी सरळ असतो, जमिनीवर आलो की वाकडा दिसतो." त्याच दिवशी आमची गट्टी जमली.

तो एका छोट्या मालवाहू जहाजावर चीफ मेट होता. म्हणजे कप्तानाच्या खालचा. माल कुठे ठेवायचा, कसा बांधायचा, तोल कसा राखायचा, हे सगळं त्याच्याकडे. तुआसच्या धक्क्यावरून मोठमोठ्या यंत्रांच्या पेट्या उचलायच्या आणि आसपासच्या बेटांवर पोचवायच्या. ही मोठी आगबोट नव्हे, समुद्रातला टेंपो म्हणा ना. पण टेंपोवाल्याला जसा आपला टेंपो, तसं याला ते जहाज.

घरातसुद्धा जहाजच. यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तर टेबलावर ताटाखाली ओलं फडकं अंथरलेलं. मला वाटलं, कुणीतरी पाणी सांडलं. जयवंतीबाई म्हणाल्या, "नाही हो अण्णा, ती यांची खोड. समुद्र खवळला की ताटं घसरतात, म्हणून बोटीवर फडकं ओलं करून घालतात. आता हा फ्लॅट काय हलतोय का? पण नाही. कोरड्या टेबलावर यांना घास जात नाही." विलासराव मान खाली घालून आमटी भुरकत होते. किमया, त्यांची मुलगी, तोंड वेंगाडून इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "सो एम्बॅरसिंग, लाह. माझ्या फ्रेंड्स आल्या की मी ते क्लॉथ हाइड करते." बापानं शांतपणे सांगितलं, "लपव. पण मैत्रिणींना आमटी वाढलीस की मग परत घाल."

आणखी एक सांगतो. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं लटकलं होतं. आपल्यापैकी कुणीही असतं तर बोटानं ढकलून सरळ केलं असतं. विलासरावांनी हात लावला नाही. मागे सरून बघितलं, पुढे येऊन बघितलं, मग खिळा हलवून बघितला. म्हणाले, "काका, कॅलेंडर बरोबर आहे. खिळा निसटलाय. कॅलेंडरला ढकलून काय उपयोग, ते उद्या परत कलणार." ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागेल.

संध्याकाळी आम्ही दोघं समुद्राकडच्या बागेत फिरायला जायचो. मला इंग्रजी शिकायची हौस. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही पावसाळ्यात गळणाऱ्या शाळेत. गुरुजींनी 'कॅट-रॅट' शिकवलं आणि बदली होऊन गेले, ते इंग्रजी तिथेच थांबलं. विलासरावांना मी म्हटलं, रोज एक शब्द द्या. ते म्हणाले, "तुम्हाला वाकडे शब्द देऊ का? माझ्याकडे तेच जास्त आहेत." आणि काय सांगू, माणसानं खजिनाच उघडला! पुलाकडे जाणारा रस्ता चढतो तो स्लोप. व्हीलचेअरसाठी मुद्दाम बांधलेला उतार तो रॅम्प. भिंतीला टेकून उभा असलेला पोरगा, तो लीन करतोय. किटली वाकवून चहा ओतला तर टिल्ट. ऊन तिरपं आलं तर स्लँट. जहाजाची धुरांडी मुद्दाम जराशी मागे झुकवून बसवतात, त्याला रेक. मी म्हटलं, मुद्दाम झुकवतात? म्हणाले, "झुकलेली दिसली की जहाज उभं असतानाही धावतंय असं वाटतं. नखरा, दुसरं काय." मी हसून हसून बाकावर बसलो.

घरी येऊन मंदारला सांगितलं तर तो म्हणतो, "बाबा, सगळ्याचा अर्थ एकच. तिरकं." एकच कसा? उद्या म्हणशील भाकरी, पोळी, घावन, सगळं एकच, गोल! आपल्या मराठीत तरी एकच आहे का? ऊन कलतं, फांदी लवते, म्हातारा ओणवतो, टोपी तिरपी असते, डोळा तिरळा असतो. यातलं एक काढून दुसरं घाला बघू.

आणि आमची बैलगाडी! मी विलासरावांना सांगितलं, गाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलार होते. जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की सगळा भार बैलाच्या मानेवर. विलासराव चालता चालता थांबले. "अहो काका, याला आम्ही ट्रिम म्हणतो! पुढे-मागे कलणं. तुमचं उलार म्हणजे आमचं बाय द स्टर्न, मागच्या अंगाला बसलेलं." आम्ही दोघं त्या रस्त्यात लहान पोरांसारखे टाळ्या देत उभे. सायकलवाले घंटा वाजवतायत, आम्हाला पत्ता नाही. गावची बैलगाडी आणि तुआसचं जहाज एकाच शाळेतली निघाली की नाही?

मग मी विचारलं, "आणि एका कुशीला कलली तर?" तेव्हा त्यांनी दोन शब्द दिले. लिस्ट आणि हील. लिस्ट म्हटल्यावर मला वाण्याची यादी आठवली, पण ती नव्हे. म्हणाले, "काका, हे दोन जपून ठेवा. दिसायला दोन्ही सारखेच. जहाज कुशीला कललेलं. पण आतल्या ओझ्यानं कललं तर लिस्ट, आणि बाहेरून वाऱ्यानं, लाटेनं ढकललं तर हील. वारा गेला की हील गेलं. लिस्ट जात नाही. ओझं हलवल्याशिवाय जहाज तसंच कललेलं राहतं."

हे दोन शब्द मी जपून ठेवले. ते असे कामाला येतील असं मात्र वाटलं नव्हतं.

विलासरावांचे वडील दाभोळच्या खाडीत तर, म्हणजे माणसं पार करणारी होडी, चालवायचे. या काठावरून त्या काठावर माणसं, कोंबड्या, लग्नाची वऱ्हाडं. त्यांचा एक नेम. होडीत कोण कुठे बसणार ते तेच ठरवणार. एकदा मामलेदारसाहेब आले, अंगानं भरभक्कम, आणि वारा लागावा म्हणून एका कडेला ऐसपैस बसले. होडी कलली. म्हातारा वल्हं टेकवून उभा राहिला. "साहेब, मध्ये सरका." साहेब म्हणाले, "मी कोण आहे माहितेय ना?" म्हातारा म्हणाला, "मला माहितेय. होडीला हुद्दा कळत नाही, तिला वजन कळतं." साहेब सरकले बिचारे. असल्या बापाचा हा मुलगा. खलाशी म्हणून लागला, भांडी घासली, रंग खरवडला, परीक्षा देत देत मेट झाला.

आता त्या दिवसाची गोष्ट. तुआसला पंपांच्या अवजड पेट्या चढवायच्या होत्या. धक्क्यावरची क्रेन जहाजाच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोचेना. मग एकच मार्ग, जहाज सोडवायचं, तोंड फिरवून परत लावायचं आणि उरलेला माल दुसऱ्या अंगाला घ्यायचा. त्यात अर्धा दिवस जाणार. विलासरावांनी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात फोन केला. फोनवर हेमचंद्रसाहेब, ऑपरेशन्सचे मॅनेजर.

हेमचंद्र आपल्याच मंडळातले. नाव घेतोय, कारण मी हे त्यांच्या तोंडावरही बोललोय. स्वतः कप्तान होते, समुद्र कोळून प्यायलेला माणूस. तरुणपणी विलासराव त्यांच्याच हाताखाली होते, वर्षानुवर्षं त्यांच्याकडे गणपतीला आरती धरायला जायचे. म्हणजे या माणसाला काही समजत नव्हतं असं नाही. सगळं समजत होतं, म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ते म्हणाले, "अरे विलास, चढव सगळं एका बाजूला. टाकीत पाणी भर दुसरीकडे, वाटेत सरळ होईल." विलासराव म्हणाले, "सर, पाण्याची मोटर हळू चालतेय. वेळ लागेल." साहेब म्हणाले, "मग लागू दे. निघ."

कप्तान तेव्हा नवीन, हो ला हो करणारा. विलासरावांनी फोन ठेवला आणि माल चढवला. जहाज निघालं ते एका कुशीला कलूनच. बाहेर नांगर टाकून पाणी भरत बसले. दुपारी एका पेटीचे साखळदंड तुटले, पेटी उताराच्या अंगाला घसरली, कठडा मोडून समुद्रात. देवाची कृपा, मध्ये कुणी खलाशी नव्हता.

पंप गेला. आता तो का गेला हे लिहून द्यायची वेळ आली. विलासरावांनी लिहिलं, जहाजाला लिस्ट होती. म्हणजे माल आम्ही चुकीचा लावला होता. आम्ही म्हणजे ऑफिसनं सांगितला आणि मी लावला. मंडळी, इथे नीट वाचा, कारण वडा खाणारे हे सांगत नाहीत. या शब्दानं विलासरावांनी साहेबावर बोट दाखवलं तसं स्वतःवरही दाखवलं.

ऑफिसला खिळा सोडून कॅलेंडर ढकलायचं होतं, म्हणून हवा होता दुसरा शब्द. हील. बाहेरून लाट आली, जहाज कललं, पेटी गेली. मग लाट कुणाची? सकाळी एक टगबोट शेजारून गेली होती. टगबोट म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी छोटी, ताकदवान बोट. त्या टगबोटीवर मास्तर होता इद्रिस, मलाय म्हातारा. त्याला मी ओळखतो. तुआसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, विलासरावांबरोबर कॉफी पिताना भेटला होता. मला हिंदी-मराठी-इंग्रजी सगळं मिसळून बोलताना बघून त्यानं माझ्यासाठी केळ्याची भजी मागवली, आणि आम्ही दोघांनी एकमेकांचं एक अक्षर न कळता नातवंडांचे फोटो बघितले. त्याच्या नातीचे पुढचे दोन दात पडले होते. माझ्या नातवाचेही! यापेक्षा जास्त ओळख काय लागते?

तो इद्रिस त्या सकाळी सावकाश गेला होता, जाताना हातही केला होता. पेटी पडली दुपारी. तोवर त्याची लाट मलेशियाच्या किनाऱ्याला लागून विरलीही असेल. पण 'हील' लिहिलं की चौकशी त्याच्यावर, लायसन त्याचं. उभा जन्म समुद्रावर काढून शेवटी 'याच्या बेफिकिरीनं नुकसान झालं' असा शिक्का घेऊन तो घरी जाणार.

आणि 'लिस्ट' ठेवलं तर? विलासरावांची नोकरी. इथे नोकरी गेली की राहायचा पास गेला, पास गेला की बिऱ्हाड गेलं. किमयाचं शाळेचं शेवटचं वर्ष, पुढे मोठी परीक्षा. हा तराजू होता. एका पारड्यात मलाय म्हातारा, दुसऱ्यात स्वतःची पोरगी. आणि लोक म्हणतात, शब्दापायी!

चैत्र होता. जयवंतीबाईंनी हळदीकुंकू ठेवलेलं. ओटीचे भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ, पन्हं. चैत्रगौरीपुढे किमयानं कागदाची आरास केली होती. हेमचंद्रांच्या पत्नी निशिगंधाबाई आल्या, आणि त्यांना सोडायच्या निमित्तानं साहेबही आत आले. मी पुरुषांच्या वाट्याला आलेल्या एकुलत्या खुर्चीत, पन्ह्याचा पेला धरून. साहेब विलासरावांच्या शेजारी उभे राहिले. मला वाटलं, पन्ह्याचं कौतुक करतील.

"अरे विलास, एक शब्द बदलायचा आहे फक्त. आपलीच माणसं आहोत."

"कुठला शब्द, सर?"

"तुला माहितेय. हील लिही. तुझं नाव स्वच्छ, माझं स्वच्छ. पासचं मी बघतो. कप्तानाच्या जागेचंही बघू."

"आणि इद्रिस?"

"म्हातारा आहे रे तो. तसाही घरीच बसायचा आता."

मी म्हातारा तिथेच बसलो होतो बरं का! मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मी म्हटलं, "साहेब, म्हातारा घरी बसतो तो आपल्या पायानं. त्याला ढकलून बसवत नाहीत." साहेब हसले. म्हणाले, "अण्णा, हे जरा टेक्निकल आहे. तुम्ही पन्हं घ्या."

टेक्निकल! माझं पित्त असं खवळलं म्हणून सांगू. मी मुद्दाम मोठ्यानं, बायकांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "विलासराव, मला समजत नाही म्हणतात साहेब. मग समजवा बघू. हील म्हणजे काय आणि लिस्ट म्हणजे काय?"

जयवंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्या आता मला दार दाखवणार. त्यांनी काय केलं माहितेय? ओटीचे उरलेले हरभरे दुसऱ्या भांड्यात ओतले, परात धुतली, पाणी भरलं आणि आणून मधोमध ठेवली. वाटीही त्यांनीच सोडली पाण्यावर.

विलासराव खाली मांडी घालून बसले. वाटीवर हलकेच फुंकर घातली. वाटी कलली, डोलली आणि फुंकर थांबल्यावर सरळ झाली. "हे हील." मग त्यांनी ताटलीतली कैरीची फोड घेतली आणि वाटीत एका कडेला ठेवली. वाटी कलली. कललेलीच राहिली. "हे लिस्ट."

हीच ती परात, जिथे काल मला पोळ्यांनी उठवलं.

बायका वाकून बघतायत. निशिगंधाबाईंनी भाबडेपणानं विचारलं, "मग पेटी पडली तेव्हा तुमचं जहाज कुठल्या वाटीसारखं होतं?" बिचाऱ्यांना घरात काय शिजतंय ते ठाऊक नव्हतं. साहेबांचा चेहरा मात्र असा झाला, जणू हरभऱ्यात खडा लागला. त्यांनी दटावलं, "निशा, तू चल. उशीर होतोय."

"अहो, पन्हं तरी..."

"चल म्हटलं ना!"

विलासरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ते वाटीकडेच बघत होते. किमया स्वयंपाकघराच्या दारात, जयवंतीबाई हातात कुंकवाचा करंडा घेऊन.

त्यांनी काय उत्तर दिलं ते सांगतोच. पण आधी नंतर काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे मंडळातल्या लोकांना अर्धंमुर्धं पसरवायला काही उरणार नाही.

शब्द बदलला नाही. 'लिस्ट' तशीच गेली. इद्रिसकडे कुणी फिरकलंही नाही, त्याला आजतागायत माहीत नाही की त्याच्या मानेवरून काय गेलं. विलासरावांनी ते त्याला सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. ऑफिसनं विलासरावांना कामाचा आढावा घेतोय म्हणत म्हणत घरी बसवलं आणि मग पास रद्द. साहेब जागच्या जागी. गणपतीत आरतीला पुढे उभे, टाळ हातात. मी त्यांना तिथेच म्हटलं, "साहेब, टाळ जरा सरळ धरा." लोकांना वाटलं, म्हातारा चळला. वाटू दे.

आमचा मंदार म्हणाला, "बाबा, तुम्ही यात पडू नका. आपल्यालाही इथे राहायचंय." मी म्हटलं, "बरं, नाही पडत. फक्त एक खोली मोकळी कर." अनुजानं मला न विचारता आधीच चादर बदललेली होती. विलासराव आणि जयवंतीबाई दाभोळला गेले, आणि किमया शाळेचा वेगळा पास काढून परीक्षेपर्यंत आमच्याकडे आहे. पहिल्या दिवशी जेवायला बसली तेव्हा उठली, नळाखाली फडकं ओलं केलं आणि सगळ्यांच्या ताटांखाली अंथरलं. आता आमच्या टेबलावर ते रोज असतं.

विलासराव दुसऱ्या कंपन्यांना अर्ज करतायत. कुणी विचारलं की मागची नोकरी का सुटली, तर तेच सांगतात जे घडलं. त्यामुळे अजून जागा मिळालेली नाही. यात माझा राग शमेल असं काही नाही. ज्यांना विलासरावांची दया येते त्यांना माझं एवढंच सांगणं, दया साहेबांची करा. त्यांना इतकं सगळं येत होतं आणि ते त्यांनी असं वापरलं.

हं, तर उत्तर. साहेब दारापर्यंत गेले होते, पायात बूट चढवत होते. वळून म्हणाले, "विलास, शेवटचं विचारतो. पोरीचा विचार कर. हील लिहितोस की नाही?" विलासराव परातीपाशी बसूनच होते. त्यांनी मान वर केली आणि जे म्हटलं ते मी जसंच्या तसं देतो, एक अक्षर इकडचं तिकडे नाही:

"सर, पोरीचाच विचार करतोय. ती तिथे दारात उभी आहे, तिनं वाटी बघितलीय. इद्रिसची लाट केव्हाच गेली होती आणि आपण तरीही कललेलेच होतो. तुम्ही फोनवर सांगितलंत, मी फोन ठेवला आणि माल चढवला, म्हणजे त्या ओझ्यात मीही आहे. ते मी दुसऱ्याच्या लाटेवर ढकलणार नाही. लिस्ट लिहिलंय, लिस्टच राहील. आणि वहिनींना बसू द्या ना थोडं, त्यांचं पन्हं राहिलंय."